अर्ध्या कोयत्याची युरोप टूर

सिरसाळा
११ फेब्रुवारी

आत्या,

तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहायला बसलो आहे. परवा फोन लावला तर तू तिकडून "कोन? कोन?" एवढंच म्हणत राहिलीस आणि मी इकडून ओरडत राहिलो. दुकानात आलेली माणसं हसायला लागली. तेव्हाच ठरवलं की तुझ्या कानाला त्रास देण्यापेक्षा पहिल्यासारखं पत्रच लिहावं. मागचं पत्र दादा वारले तेव्हा लिहिलं होतं. हे चांगलं पत्र आहे, घाबरू नको.

आम्ही युरोपला जाणार आहोत. मी आणि सुकन्या, दोघं. मे महिन्याच्या सुरुवातीला, पेरणीची गर्दी व्हायच्या आत. आमच्या कृषी सेवा केंद्रातून यंदा कंपनीचं बियाणं ठरवून दिलं होतं त्यापेक्षा जास्त गेलं, म्हणून कंपनी नेते आहे. याला इकडे कपल टूर म्हणतात. एकट्यादुकट्याचं काम नाही, जोडीनेच जायचं. हे ऐकलं तेव्हा मला आपला मुकादम आठवला. ऊसतोडीला तोही जोडीनेच न्यायचा. नवराबायको मिळून एक कोयता, आणि एकटा आला तर अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला ट्रकवर जागा नसायची. जग फिरून तिथेच येतं बघ.

विमानाने पॅरिसला उतरायचं. तिथून पुढे सगळा प्रवास बसने. ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, मग स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न आणि शेवटी मिलान. नावं मी कंपनीच्या पुस्तिकेतून नीट पाठ केली आहेत. ल्युसर्नमध्ये 'ल्यु' आहे, 'लु' नाही, याची शाळेतल्या सरांकडून खात्री करून घेतली. बस शेवटपर्यंत एकच असते, ड्रायव्हरही तोच. पण रोज सकाळी जागा बदलतात. आज जो पुढे बसला तो उद्या मागे. मला हा नियम फार आवडला. आपल्या ट्रकवर ज्याची मुकादमाशी ओळख तो केबिनला टेकून बसायचा आणि बाकीचे मागे धुराळा खायचे. एकच शंका आहे. जागा बदलताना जोडीला जोडीने बसवतात, की जिथे रिकामी असेल तिथे? कंपनीचे जीवन साहेब आहेत, त्यांना विचारलं तर ते नुसते हसले.

भाकरी नेऊ देतात का, बस मध्ये थांबवा म्हणायचं असेल तर कोणत्या भाषेत म्हणायचं, रात्री पासपोर्ट उशीखाली ठेवायचा की अंगावर, असे बरेच प्रश्न आहेत. पण अजून वेळ आहे.

सुकन्या नमस्कार सांगते. तिच्या दोन ओळी नेहमीप्रमाणे खाली घ्यायच्या होत्या, पण तिचे हात पिठात आहेत आणि पोस्टाची पेटी उघडायची वेळ झाली आहे.

तुझा
मुंजाजी


आष्टी
२० फेब्रुवारी

मुंजास,

पाकीट पोचलं. आशीर्वाद हायेच, तो काय दर येळी लिवायचा.

फोनवर माजी चूक न्हाई, तू वरडतोस कमी. लहानपनापून तुजा आवाज घशाच्या खाली. आन अक्षर मुंगीवानी. माज्या एका डोळ्याचं आपरेशन झालं, दुसऱ्याचं ऱ्हायलं. मला मोठं मोठं लिवता येतं, पन दुसऱ्या कुनी लिवल्यालं बारकं दिसत न्हाई. म्हनून हितल्या एका पोरीकून वाचून घेते. कानाला तोंड लावून वाचती. लई झ्याक वाचती. तुजं पत्र वाचताना मातर मधी मधी थांबत हुती. म्या म्हनलं, काय गं, अक्षर लागत न्हाई का? ती म्हनली, अक्षर लागतंय.

तू युरोपाला चालला, आनंद हाय. तुजा बाप आश्रुबा आसता तर गावभर सांगत हिंडला आसता. मला त्या गावांची नावं तोंडात बसत न्हाईत. थंडी आसती म्हने तिकडं. कानाला बांधून जा.

आता माजं इचारनं. बायकोच्या हाताला पीठ हुतं म्हनतोस. लगीन झाल्यापून तुजं एक बी पत्र तिच्या दोन वळीबिगर आलं न्हाई. आश्रुबा गेला त्या पत्रात बी हुत्या, रडल्याला कागद फुगला हुता तरी हुत्या. पीठ धुता येतं की.

पुढच्या पत्रात तिच्या वळी पायजेत.

भिवरा


सिरसाळा
२ मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळालं. तू विचारलंस म्हणून आधी सुकन्याचं लिहितो.

तिची तयारी माझ्यापेक्षा जोरात आहे. परळीला जाऊन तिच्यासाठी बूट आणले, कारण पुस्तिकेत लिहिलं आहे की तिकडे फार चालावं लागतं, नवे बूट महिनाभर आधी वापरून मऊ करावेत. ती रोज संध्याकाळी बूट घालून दारापासून लिंबापर्यंत चालते आणि परत येते. साडीवर बूट, शेजारच्या बायका बघतात, पण ती लक्ष देत नाही. दोघांना स्वेटर घेतले आहेत. तिचा निळा आहे. काल तिने तो घालून बघितला आणि म्हणाली, "अहो, यात तर मी थर्मासची बाटली दिसते." आम्ही दोघे फार हसलो.

मी संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की बसचा सराव करतो. घरातल्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या आहेत. रोज एक जागा बदलून बसतो आणि कुठून काय दिसतं ते बघतो. पुढून दार दिसतं, मागून फक्त पुढच्या खुर्चीची पाठ दिसते. मागे बसायची वेळ आली तर काय करायचं याचा विचार करून ठेवला पाहिजे.

भाकरी सध्या मीच करतो. तिकडे वेळ आली तर सवय असावी म्हणून. पिठाचा अंदाज अजून येत नाही, भाकरी जास्त होतात. उरलेल्या बाहेरच्या कुत्र्याला जातात. ते कुत्रं आता इतकं गुबगुबीत झालं आहे की मोटारसायकलमागे पळायचंच सोडून दिलं आहे.

तुला पत्र कोण वाचून दाखवतं? आपल्यातली आहे का? आणि बाजारात सुकन्याच्या माहेरचं कुणी भेटतं का? सहज विचारतो. त्यांचं घर तुझ्यापासून फार लांब नाही म्हणून.

तिच्या ओळी याही वेळी राहिल्या. विळीवर तिचं बोट कापलं आहे. फार नाही.

तुझा
मुंजाजी


आष्टी
११ मार्च

मुंजास,

पैल्या पत्रात पीठ, दुसऱ्यात बोट. आता तिसऱ्या पत्रात हात मोडू नको बाबा तिचा.

बुटाचं वाचलं तवा वाचनारीनं इचारलं, कोनच्या नंबराचे घेतले? म्या म्हनलं, लिवलं आसंल की. ती म्हनली, न्हाई लिवलं. तर कोनचा नंबर ते कळीव.

पोरगी आपल्यातलीच हाय. शिकल्याली हाय. हिकडं लिंबाच्या बागा वाळायला लागल्यात. कुनी तरी तिला एक बाग दावली, तिनं पान उलटं करून बघितलं, मुळाची माती हातात घेतली आन सांगितलं काय करायचं ते. तवापून लोक बोलवायला येत्यात. बापाची स्कूटी घिऊन एकटी जाती. ना टेबल, ना पाटी. बांधावरची मानसं 'म्याडम आल्या' म्हनून उठून उभी ऱ्हात्यात. परवा एक म्हातारा तिच्या डिक्कीत कोथिंबीर घालून गेला, न इचारता.

माहेरच्यांचं इचारतोस. बाजारात समदेच भेटत्यात.

तू त्या खुर्च्यांचं लिवलंस ते मला बरं वाटलं न्हाई. घरात रातच्याला कोन कोन आसतं? ह्याचं उत्तर दे. बूट, स्वेटर ऱ्हाऊ दे.

भिवरा


सिरसाळा
१९ मार्च

आत्या,

घरात कुणी नसतं.

हे वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागला. सुकन्या जानेवारीच्या शेवटापासून इथे नाही. ती तिच्या माहेरी आहे. तुझ्याच गावात आहे, आणि तुला अजून कुणी सांगितलं कसं नाही याचंच मला नवल वाटत होतं.

झालं ते सांगतो. पुस्तिकेत लिहिलं आहे की ज्यांना बस लागते त्यांनी आधी कळवावं. सुकन्याला वळणाच्या रस्त्यावर कधी कधी मळमळतं. म्हणून एका रविवारी सिरसाळ्याहून बीडला आणि बीडहून परत, असा बसचा सराव करायचं आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. लिंबू घेतलं, ओवा घेतला, पिशव्या घेतल्या. तेलगाव आलं, वडवणी आलं. मी प्रत्येक थांब्यावर विचारत होतो, मळमळतं का? ती नाही म्हणायची. नंतर तिने नाही म्हणायचंही सोडलं. बीडच्या स्टँडवर मी पाण्याची बाटली आणायला उतरलो. परत आलो तर आमच्या जागेवर नुसती पिशवी. ती पलीकडे आष्टीच्या गाडीत खिडकीशी बसली होती. मी खालून म्हणालो, "अगं, ही आपली गाडी नाही."

ती म्हणाली, "माझी आहे."

मग गाडी निघाली. मी सिरसाळ्याला परत आलो. कंडक्टरने विचारलं, मॅडम राहिल्या का? मी म्हणालो, मागच्या गाडीने येतात.

तिच्या वडिलांचा फोन आला होता. पोहोचली, काही दिवस राहू द्या, एवढंच म्हणाले. ती माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचते, उत्तर देत नाही. मी तिला फार विचारलं, हे मला कळलं आहे. मी प्रत्येक गोष्ट विचारतो. कुलूप लावलं की परत ओढून बघतो, तसं माणसालाही करतो. आता नाही विचारणार. एवढं तू तिला जाऊन सांगशील का? तुझं ती ऐकेल. आम्ही दोघांनी मुंबईला जाऊन बोटांचे ठसे दिले आहेत, व्हिसा झाला आहे, तिचा पासपोर्ट इथे माझ्याजवळ आहे. ती आली नाही तर जोडी मोडते आणि मग मलाही नेणार नाहीत. नेलं तरी मला तिच्याशिवाय जायचं नाही. पॅरिसला उतरून मी कुणाला सांगू की बघ, पॅरिस?

दुकानात गिऱ्हाईक विचारतं, मॅडम कधी येणार? उसावर काय पडलंय ते त्यांनाच दाखवायचं आहे. मी सांगतो, टूरच्या तयारीत आहेत.

खालची जागा रिकामी सोडतो. कारण देत नाही.

मुंजाजी


आष्टी
२७ मार्च

मुंजा,

लिवलंस एकदाचं. म्या वाटच बघत हुते.

वाचनारी पोरगी कोन, ते आता तरी वळखलं आसशील. फेबरवारीत बाजारात भेटली, माजी पिशवी घिऊन घरापातुर आली. तवा तुजं पैलं पाकीट आलेलंच हुतं, म्या तिच्या हातात दिलं. डोळ्याला दिसंना म्हनून दिलं, त्यात काय डाव नव्हता. दुसऱ्या येळी डाव हुता.

बुटाचं वाचलं, स्वेटराचं वाचलं. थर्मासची बाटली म्हनली आन दोघं हासले, ते बी वाचलं. मग म्हनली, "आत्या, ही बाई कोन हाय? मला बी एकदा भेटवा." हासली, आन हासता हासता ओढनी डोळ्याला लावली.

आता ऐक. ती बसमुळं गेली न्हाई. इचारतोस म्हनून बी न्हाई, ते तुजं तिला लगनापून म्हाईत हाय.

परळीला तुमचा सत्कार झाला. तुला फेटा, शाल, ती चकचकीत ढाल. शेवटाला तिला बोलावलं. तो तुजा जीवन सायब माइकवर म्हनला, "आता लायसनची ओटी भरा." आन तिच्या ओटीत बिलाउजपीस, नारळ घातला. सगळा हाल हासला. ती म्हनती, "लोकांचं काय न्हाई आत्या, लग्नापून ऐकते, मुंजाजीनं लायसन बघून बायको केली. पन म्या यांच्याकडं बघितलं. हे बी हासत हुते. ढाल धरून."

दुकानाचा परवाना तिच्या शेतकीच्या शिक्षनावर. आळी पडली तवा उनातान्हात शेतात ती गेली. तिच्या शब्दावर लोकांनी बियानं नेलं. तू आठवीपातुर शिकल्याला. म्या तुला कमी म्हनत न्हाई, म्याच वाढवलंय तुला. पन ढाल कुनाची हुती, तूच सांग.

आन त्या दिशी बसमधी तू तिला म्हनलास, "बरी ऱ्हा गं, कंपनीला जोडी लागती." तितंच ती मनानं गाडीतून उतरली. बीड मागून आलं.

तुजी आई गेली तवा आश्रुबाचा कोयता अर्धा ऱ्हायला. मुकादम घेईना. तर तुला शाळंतून काढून बापाच्या जोडीला लावलं. म्या आडवी आले, कुनी ऐकलं न्हाई. आईच्या जागी तू मोळ्या बांधल्या, डोक्यावर वाहिल्या. तवापून तुज्या मनानं घेतलंय की जोडी मोडली की मानूस ट्रकच्या खाली. आरं, ते मुकादमाचं मोजनं हुतं. तू घरात कशाला आनलंस? माज्याकडं बघ. नवरा जाऊन जनम झाला. म्या एकटी हाय, अर्धी न्हाई.

हे म्या तिच्याकून लिवून घेतलं न्हाई. माज्या हातानं लिवलंय, बोटं दुखाय लागली.

भिवरा


सिरसाळा
८ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

मी का हसलो ते आठवून बघत होतो. टोळीत मुकादम काही बोलला की आम्ही सगळे हसायचो. काय बोलला ते ऐकू आलं नसलं तरी हसायचो. माइकवरचा माणूस हसला की माझं तोंड आपोआप हसतं. हे कारण आहे, सबब म्हणून लिहिलेलं नाही. ती माझ्याकडे बघत होती हेही मला दिसलं होतं. मला वाटलं, तिलाही मजा वाटते आहे.

घरी येऊन खुर्च्या भिंतीला लावून टाकल्या.

नंतर जीवन साहेबांकडे गेलो. म्हणालो, परवाना सुकन्याचा आहे, टूर तिची आहे. तिला एकटीला जायचं असेल तर जाता येईल का? ते म्हणाले, "कपल टूर आहे राव, वहिनी एकट्या काय करणार तिकडे?" मी म्हणालो, बघतील की, बघायलाच तर नेता तुम्ही. ते हसले. मी हसलो नाही. खोलीत आम्ही दोघेच होतो, त्यामुळे ते फार अवघड गेलं. शेवटी म्हणाले, नाव त्यांचंच आहे, त्यांना नाही म्हणता येणार नाही.

म्हणून या पाकिटात तिचा पासपोर्ट, तिकिटाची प्रत आणि पुस्तिका पाठवतो आहे. रजिस्टर केलं आहे. निळा स्वेटर पार्सलने येईल. बूट पाठवत नाही. नंबर मला माहीत नव्हता. दुकानदाराने विचारलं तेव्हा मी हाताने एवढे म्हणून दाखवले होते.

माझं जाणं तिच्यावर आहे. ती नको म्हणाली तर मी इथेच राहीन. ती म्हणेल त्यावर पुन्हा विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे. पुस्तिका पाठ असल्यामुळे ती कोणत्या दिवशी कुठे आहे ते मला इथे बसून कळेल. संध्याकाळी तेवढं काम राहील.

सुकन्या, हे तू आत्याला वाचून दाखवत असशील. मग 'ती, ती' लिहायची लाज वाटते. पण सरळ तुला लिहायला अजून हात धजत नाही. त्या पत्रांतली बाई मी तुला फसवायला केली नव्हती. आत्यालाही नाही. संध्याकाळी घरात कुणीतरी बूट घालून चालतंय असं लिहिलं की बरं वाटायचं.

मुंजाजी


आष्टी
१७ एप्रिल

अहो,

पत्र वाचून दाखवलं तर आत्या म्हणाल्या, "ह्याचं उत्तर माज्याच्यानं व्हनार न्हाई, बोटं दुखत्यात." बोटं दुखत नाहीत त्यांची. आत्ता माझ्यासमोर लसूण सोलत बसल्या आहेत.

पासपोर्ट मिळाला. मी जाणार आहे. चार वर्षं लोकांच्या बांधावर फिरले, व्हिसासाठीची मुंबई सोडली तर सिरसाळा, परळी, बीड यापलीकडे गेले नाही. तिकडची शेती बसच्या खिडकीतून तरी बघायची आहे.

तुम्हीही या. जोडी लागते म्हणून नाही. ल्युसर्नचा 'ल्यु' विचारायला शाळेत जाणारा माणूस सिरसाळ्यात पुस्तिका म्हणत बसला, तर मला ल्युसर्नला जेवण जाणार नाही.

पण बसमध्ये मी वेगळी बसेन. जागा कितीही बदलू देत. कुणाची तरी बायको म्हणून नाही, कुणाचा परवाना म्हणूनही नाही, नुसतं बाहेर बघत बसायचं आहे मला. तुमच्याशेजारी कोण बसेल ते मला माहीत नाही. कदाचित कुणी नाही. ते तुम्हाला जड जाईल, हे कळतं मला.

परत आल्यावर सिरसाळ्याला येईन की आष्टीला, ते आत्ता सांगत नाही, कारण मलाच ठाऊक नाही. इथे लोक मला बोलावतात ते मला आवडतं. तिथे आले तर गल्ल्यामागच्या खुर्चीवर मी बसेन आणि शेतावर जायच्या वेळी तुम्ही दुकान सांभाळाल. याचा विचार करा. उत्तर लगेच नको. तुम्ही लगेच हो म्हणता आणि मग रात्रभर जागता.

जीवन साहेबांचा ब्लाउजपीस मी त्यांना पोस्टाने परत पाठवला आहे. नारळ आत्यांनी फोडला.

माझा नंबर सहा.

सुकन्या


मुंबई, विमानतळाजवळ
३ मे

आत्या,

या वेळी मोठं लिहितो आहे, कारण तुला वाचून दाखवणारी इकडे आहे. कागद जास्त लागला तरी चालेल.

विमान रात्री आहे. कंपनीने सगळ्यांना एका हॉटेलात जेवायला जमवलं आहे. मी सिरसाळ्याहून आलो, सुकन्या आष्टीहून आली. दारात भेटलो. तिने विचारलं, "प्रवास बरा झाला?" मी बरा म्हणालो. मला तिला तेच विचारायचं होतं, पण ते माझ्या तोंडात आल्यावर मी गिळलं. तिने बूट घातले आहेत. बदलून आणलेले मी पार्सलने पाठवले होते. बरोबर बसले का, हेही विचारलेलं नाही. चालते आहे नीट, त्यावरून समजून घेतलं.

सगळ्या जोड्या नव्या कपड्यांत आहेत. बायका एकमेकींचे स्वेटर बघतात, पुरुष विमानात काय मिळतं त्याचं बोलतात. कुणी कुणाला हाक मारली की मी वळून बघतो. आमच्यामध्ये दोन टेबलं आहेत. ती खिडकीशी बसून बाहेरची झाडं बघते आहे. कुठली आहेत ते तिला माहीत असणार.

मघाशी जीवन साहेब जोड्या मोजत आले. एक जोडी, दुसरी जोडी, असं बोट दाखवत. आमच्याकडे आल्यावर त्यांचं बोट मध्येच थांबलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं. सुकन्या जागेवरून म्हणाली, "इथे दोन माणसं आहेत साहेब. तसं लिहा." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मीही नाही. त्यांनी तसं लिहून घेतलं.

खुर्चीचा विचार मी केला आहे. लगेच हो म्हणायचं नाही असं तिने सांगितलं होतं, म्हणून अजून म्हटलेलं नाही. पण गल्ल्यामागची खुर्ची मोडकी होती, ती सुताराकडून नीट करून आणून ठेवली आहे. हे तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नको.

बसमध्ये माझ्याशेजारी कोण येतं ते उद्या कळेल. कुणी नाही आलं तर पिशवी ठेवीन. मागे बसायची वेळ आली तर पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघायचं नाही, बाजूला बघायचं, एवढं ठरवलं आहे.

खाली नेहमीएवढी जागा सोडली आहे. कागद तिच्याकडे देतो. काही लिहिलं तर लिहिलं.

तुझा
मुंजाजी

आत्या, यांनी आत्ताच स्वेटर अंगात घातला आहे आणि मुंबईच्या उकाड्यात घामाने भिजले आहेत. मी काही विचारलेलं नाही. खुर्चीचं वाचलं. टपालपेटी कोपऱ्यावर आहे, पत्र मी टाकते.

सुकन्या